कालव्याच्या शेपटाकडे

कालव्याच्या दुरुस्तीत गाळ जेवढा निघतो ना, त्याहून जास्त किस्से निघतात! गाळ शेतकरी ट्रॉल्या भरून नेतात, किस्से आमच्यासारख्या इंजिनियरच्या गळ्यात पडतात. दारव्ह्याकडच्या एका जुन्या कालव्यावर माझ्याकडे असेच साठले. कालव्याच्या शेपटाला, अगदी शेवटी, शांताबाईंचं वावर आहे. तिथं पाणी पोचलं तर कालवा दुरुस्त झाला म्हणायचं. नाहीतर नुसतं सिमेंट.

*

सर्व्हेला गेलो, तर शेपटाकडे कालवाच सापडेना. नकाशात होता, जमिनीवर कमरेएवढी तूर उभी! शांताबाई खुरपं घेऊन त्यातच बसलेल्या. मी साहेबी आवाजात विचारलं, "बाई, सरकारी कालव्यात तूर पेरायची परवानगी कोणी दिली?"

"पाण्यानं देल्ली," त्या म्हणाल्या. "थेच येत नाई, तं जागा खाली कायले ठेवू?"

तूर निघेपर्यंत आम्ही तिथलं काम सुरू केलं नाही.

*

दुसऱ्या टोकाला बापूराव. कालव्याच्या मुखाशी त्यांची संत्र्याची बाग, आणि कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेचे ते अध्यक्ष. सभेत टेबल बडवून म्हणाले, "गळती थांबलीच पाह्यजे!" सभा संपल्यावर मला बाजूला घेतलं. "साहेब, पुरा कालवा पक्का करा. माह्या विहिरीपाशी तेवढा फुटका राहू द्या!"

मी हसलो. पण संध्याकाळपर्यंत आणखी चौघं तेच सांगून गेले. फुटक्या कालव्यानंच इतकी वर्षं यांच्या विहिरी भरल्या होत्या, हे आमच्या डिझाइनमध्ये कुठंच नव्हतं. शेवटी या विहिरींलगतचा, अर्जुनाच्या जुन्या झाडांजवळचा एक तुकडा मातीचाच ठेवायचं ठरलं.

*

त्या तुकड्यात लव्हाळं माजलेलं. खंड्या, पाणकोंबड्या, बगळे, सगळ्यांचा मुक्काम तिथंच. ठेकेदाराला मात्र झाडं तोडून सरळ रेघ मारायची घाई.

"साहेब, ड्रॉइंगमध्ये बगळे नाहीत!" तो म्हणाला.

बापूराव मागेच उभे होते. "बगळ्यायच्या ड्रॉइंगमधी तू बी नाईस!"

झाडं वाचली. विहिरीची काळजी असेल, पण माणूस आतून भला, हे मला त्या दिवशी कळलं.

*

मग चाचणीचं पाणी सोडलं. शेपटाकडे शांताबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन सकाळपासून बसलेल्या. पाणी आलंच नाही. आम्ही कालव्याच्या काठानं वर वर गेलो, तर वाटेतलं प्रत्येक गेट थोडं थोडं उचललेलं. ज्याला विचारावं तो म्हणे, "आपण तं जराशीकच उघडलं!" आणि कोणीच खोटं बोलत नव्हतं.

परत आलो तेव्हा शांताबाई ताट आवरत होत्या. "काम चांगलं झालं साहेब," त्या म्हणाल्या. "कोरडा कालवा बी चिकना दिसते."

मला फार लाज वाटली.

*

पाणी सोडायच्या पुढच्या पाळीला नियम केला. आधी शेपूट, मग मुख. सगळ्या गेटांना कुलपं, आणि चाव्या शांताबाईंकडे! त्यांचं भिजलं की त्यांनी चाव्या वर पाठवायच्या. बापूराव खूप कुरकुरले, पण कुलपं त्यांनीच स्वतः ठोकली.

पाणी शेपटापर्यंत गेलं, तसा निरोपही आला. पण दुपार टळली तरी चाव्यांचा पत्ता नाही. शांताबाई फोन उचलेनात. बापूराव तापले. "पाह्यलं? हे बी आपल्यातलीच निघाली!" म्हणत त्यांनी मला गाडीवर बसवलं आणि तडक वावर गाठलं.

हरभरा कधीचा भिजला होता. जादा पाणी नाल्यात चाललं होतं. शांताबाई पाण्यात पाय सोडून काठावर बसलेल्या, चाव्या पदराला बांधलेल्या.

"अवो शांताबाई, वावर भिजलं ना? मंग चाव्या काहून नाई पाठवल्या? काय करून राह्यल्या इथं?" बापूरावांनी विचारलं.

"पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आली तवापासून इथं पाणी पाह्यलं नोतं. तुमच्याकडे तं नेहमीच असते, भाऊ. बसा जराशे."

बापूरावांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय सोडून ते बसले.