मागच्या खोलीत कोणी राहत नव्हतं

"लिहा बाई. मागची खोली, गुरांचा गोठा. मानूस कुनी राहत न्हवतं."

त्या खोलीत मी चार वर्षं राहत होते. पाच दिवसांपूर्वी ती जळाली होती. अंगावरची साडी आणि शाळेत नेलेली पिशवी, एवढंच उरलं होतं. आणि खोलीचा मालक, ज्याला सगळं अंबड गाव आप्पा म्हणायचं, मलाच सांगत होता, लिहा, इथं कोणी माणूस राहत नव्हतं.

तो ओट्यावर, गादीवर. मी खाली पायरीवर, पोत्यावर. विम्याचा इंग्रजी कागद त्याने माझ्या हातात दिला नाही. पायरीवर टाकला. मी उचलला. हे नेहमीचंच. भाडंही मी ओट्यावर ठेवायची, मी हात मागे घेतला की तो उचलायचा. माझ्या शेजारी माझी मुलगी, तुमची आई, उभी होती. सहा वर्षांची. दुसऱ्या कोणाच्या तरी फ्रॉकमध्ये.

परवा परदेशातून केलेल्या फोनवर तुम्ही नातवंडांनी हसत सांगितलंत, वरच्या मजल्यावरचा नळ फुटला, तुमच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं आणि विमा कंपनीने तुम्हाला पंधरा दिवस हॉटेलात ठेवलं. "आजी, नाश्ता फुकट!" मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र तशीच बसून राहिले. म्हणून हे लिहिते आहे. क्रमाने लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी अंबडला शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा पैठणच्या धरणाच्या कामावर कारकून. महिन्यातून दोनदा यायचे. आप्पाचं पुढे सरकीचं दुकान, मागे आमची खोली. दार मागच्या बोळात. गावात बौद्धांना खोली कोणी देत नव्हतं. हेडमास्तरांच्या शब्दाखातर आप्पाने दिली. पहिल्या महिन्यात मी पावती मागितली.

"पावती कशाला बाई? तुमी काय परके हाव? घरचेच की."

मी सुखावले. आजोबांना पत्रात लिहिलं, मालक देवमाणूस आहे. ज्या घरात माझा हात लागला तर माठ फोडतील, त्या घरातला माणूस मला घरचं म्हणाला. आणि मी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, ते खरं मानलं. पुन्हा कधी पावती मागितली नाही. ही माझी चूक. तुमच्यापासून लपवत नाही.

मग सरकीला आग लागली. भर दुपारी. आम्ही मायलेकी शाळेत होतो. घरी आलो तेव्हा भिंती काळ्या, वर आभाळ. भिंतीवरची तसबीर, माझी पुस्तकं, पदवीचा कागद, तुमच्या आईची गोधडी, सगळं गेलं.

हेडमास्तरांनी शाळेचा व्हरांडा तीन रात्री दिला. "तीनच हं बाई." मी खोल्या शोधत फिरले. एका बाईने पदराची गाठ सोडून किल्ली काढलीसुद्धा. मग विचारलं, "तुम्ही कोनते?" मी सांगितलं. तिने माझ्यासमोर किल्ली परत पदरात बांधली. "भाचा येनार हाय. आत्ता ध्यानात आलं बघा."

शेवटी वस्तीतल्या शेवंताआक्काने आपल्या खोलीचा कोपरा दिला. ती मजुरीला जायची. एक खोली, सहा माणसं. आम्ही धरून आठ. तिचा नवरा बाहेर झोपायला लागला.

तिथे आप्पाची बायको आली. दारात उभी राहूनच म्हणाली, "आप्पानं बोलिवलंय. विंग्रजी कागद आलाय." मला वाटलं, खोलीचं काहीतरी बोलतील. आशेने गेले.

कागद औरंगाबादहून आलेल्या विमावाल्याने ठेवला होता. चार वाजता न्यायला येणार होता. मी वाचत गेले. तिसऱ्या पानावर एक कलम होतं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर तिथे राहणाऱ्यांना दुसरीकडे राहण्याचा खर्च, सहा महिने. खाली प्रश्न, कोणत्या खोलीत कोण राहत होतं? मी दोनदा वाचलं.

"आप्पा, यात आमची सोय आहे. दुसऱ्या खोलीचं भाडं विमा देतो. तुमच्या खिशातून काही जात नाही."

तो हसला. "तुमचं नाव? माझ्या कागदावर?"

"मी राहत होते ना."

"कागद औरंगाबादला जातो बाई. तिथं आमचे सोयरे हायेत. काय म्हनतील, आप्पानं घरात कुनाला ठिवलं? गुराचं नाव चालंल, तुमचं न्हाई. लिहा गोठा. जल्दी करा."

"आप्पा, चार वर्षं भाडं दिलं मी."

"पावती हाय का?"

तेव्हा कळलं. घरचेच म्हणजे काय, ते चार वर्षांनी कळलं.

तुमच्या आईने मला विचारलं, "आई, गोठा कुठं होता?"

आप्पा म्हणाला, "तूच व्हती की त्यात. वासरू!"

त्याची बायको हसली. दुकानातले दोन हमाल हसले. आणि तुमची आईही हसली. तिला वाटलं, आपले लाड चाललेत.

तिचं ते हसणं मला सहन झालं नाही. बाकी सगळं झालं होतं.

मी लिहिलं. मागच्या खोलीत एक शिक्षिका, तिचा नवरा आणि मुलगी चार वर्षं राहत होते. नावं लिहिली, आडनावासकट. मग उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत वाचून दाखवलं. आप्पा ओट्यावरून उतरला आणि त्याने माझ्या हातातून कागद हिसकावला. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातातून काही घेतलं. फाडण्यासाठी.

चार वाजता विमावाला आला. मी बोळाच्या तोंडाशी थांबले होते. त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. तो मराठीत म्हणाला, "बाई, पावतीशिवाय मी काय करू?" त्याने आप्पाला दुसरा कागद दिला. कोर्टातल्या एका कारकुनाने तो भरला. गोठा.

सात महिने आम्ही शेवंताआक्काच्या कोपऱ्यात काढले. आप्पाची खोली नवी झाली. दुसऱ्यांना दिली.

त्यानंतर मी पावतीशिवाय कुठल्या घरात पाऊल ठेवलं नाही. पैसे ओट्यावर ठेवले नाहीत. हातात दिले, हातात पावती घेतली, नाहीतर उठून आले. वस्तीतल्या बायकांना दर रविवारी बसवून एवढंच शिकवलं, स्वतःचं नाव कागदावर ओळखायचं आणि ते नसेल तर अंगठा द्यायचा नाही.

आप्पाला मी माफ केलेलं नाही. करणार नाही.

तिकडच्या लोकांना उच्चारायला अवघड जातं म्हणून तुम्ही आडनाव गाळता, असं तुमच्या आईकडून कळलं. तुमच्या भाडेकराराचं आणि विम्याचं पहिलं पान मला पाठवा. त्यावर आपलं आडनाव पूर्ण नसेल, तर आधी ते लिहून घ्या. मग पाठवा. मी वाट बघते आहे.