लख्ख घासलेला डबा

"तो हसरा फोटो घे गं. मागं फरशीपण किती छान दिसतेय बघ."

माझ्या पुढच्या रांगेतून नेहाताई लॅपटॉपपाशी बसलेल्या मुलीला हळू आवाजात सांगत होत्या. कोल्हापुरात, आमच्या संस्थेच्या हॉलमध्ये, पद्माक्कांची शोकसभा सुरू व्हायला पाचेक मिनिटं होती. गरीब कुटुंबांना वर काढण्याचं काम करणारी ही संस्था, नेहाताई तिथल्या समन्वयक, आणि मी दर शनिवारी तिच्यातर्फे गावात जाणाऱ्या कॉलेजच्या मुलींपैकी एक. पडद्यावर फोटो आला आणि मी तो ओळखला. तो काढला तेव्हा मी त्याच खोलीत, कॅमेऱ्याच्या बाजूला, हातात ओलं फडकं घेऊन उभी होते. अक्का त्यात हसताहेत, कारण त्यांनी अजून खाली बघितलेलं नाही.

संस्थेनं माझ्याकडं श्रद्धांजलीचे चार शब्द मागितले होते. हे ते नाहीत.

पद्माक्का हुपरीच्या. नवरा बरीच वर्षं झाली जाऊन, घरात त्या आणि बारावीतली मुलगी राजश्री. हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं. शेठ चांदी देतो, बायका घरी बसून पैंजण करून परत देतात. अक्का पैंजणाच्या कड्या जोडायच्या. खिडकी बंद, पंखा बंद, मांडीवर जाड कापड, समोर गॅसची छोटी ज्योत. वारा आला की ज्योत हलते म्हणून पंखा लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी घामानं निथळताना कळलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापासून हुपरी एसटीनं फार लांब नाही, पण मी आयुष्यात पहिल्यांदा गेले ती हातात फॉर्म घेऊन. त्यात एक रकाना होता, 'कौशल्य : आहे / नाही'. सर्टिफिकेट नसेल तर 'नाही'वर खूण करायची असं आम्हाला शिकवलेलं. मी केली. बाराव्या वर्षापासून हे काम करणारी बाई माझ्यासमोर केसाएवढ्या तारेची कडी चिमट्यात धरून जोडत होती, आणि मी खूण केली. अक्कांनी तो कागद उलट्या बाजूनं वाचला.

"न्हाय? मग हे काय तुझा आज्जा करायलाय व्हय?"

बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. मला कुठं तोंड लपवू असं झालं. मी इंग्रजी शाळेत शिकले, मराठी मनात नीट येतं पण तोंडाशी येऊन थांबतं, त्यात नवी माणसं असली की संपलंच. अक्कांनी हे दोन शनिवारांत ओळखलं आणि माझं नाव ठेवलं मुकी. "आली बघा आमची मुकी! मुके, च्या घेणार काय? मान तरी हलीव की." दिवस मावळायच्या आत जेवायचं ही त्यांच्या जैन घरातली शिस्त, त्यामुळं आमची निघायची वेळ आणि त्यांची जेवायची वेळ एकच. निघतो म्हटलं की हातात ताटली यायची. नको म्हणायला बोलावं लागतं, म्हणून मी जेवायचे. त्यांना ते बरोबर ठाऊक होतं.

जेवून निघताना आणखी एक गोष्ट व्हायची. उंबऱ्याच्या आत एक गोणपाट पसरलेलं असे. त्यावर आम्हाला एकेकीला उभं करून अक्का दाढीच्या जुन्या ब्रशनं आमच्या पायांचे तळवे, सलवारीच्या कडा, ओढणीची टोकं झाडायच्या. गुदगुल्या व्हायच्या. आम्ही ओरडायचो, त्या दटावायच्या, "गप उभी ऱ्हा." मी सगळं बघणारी मुलगी. बोलत नाही, म्हणून बघते आणि वहीत लिहिते. पहिल्यांदा झाडून घेतलं त्या दिवशी वहीत लिहिलं होतं, 'अक्का स्वच्छतेच्या बाबतीत अतिशय काटेकोर.' ते पान अजून आहे. मी बघितलं सगळं, विचारलं मात्र काहीच नाही. एक प्रश्न विचारला असता, "अक्का, हे का करता?" एवढाच...

मग संस्थेचा 'स्वच्छ घर' उपक्रम आला. देणगी देणारे पाहुणे अहवाल बघणार होते, त्यात आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो हवे होते. अक्का त्या शनिवारी राजश्रीला घेऊन दवाखान्यात गेलेल्या, किल्ली शेजारी. नेहाताई म्हणाल्या, "सरप्राइज देऊ या." आम्ही चौघींनी खोली उपसली. मी जमीन झाडली, कोपरे खरवडले, पाणी ओतून धुतली. कॉटखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. आत काळी माती, केस, दोऱ्यांचे तुकडे, जळकी राख, गळ्यापर्यंत. मला किळस आली. मी तो बाहेर उभ्या कचऱ्याच्या गाडीत पालथा केला आणि राखेनं घासून घासून लख्ख केला. गोणपाटही झटकलं. रस्त्यावर झटकलं.

अक्का आल्या, दारात थांबल्या, आम्हाला बघून हसल्या. फोटो निघाला. मग त्यांनी खाली बघितलं. मग कॉटखाली.

"डब्यातलं कुठाय?"

मी बाहेर रस्त्याकडं बोट दाखवलं. मग राजश्रीनं आम्हाला सांगितलं, अगदी शांतपणे. काम करताना चांदीचा कीस आणि भुकटी उडते, जमिनीवर पडते, पायाला लागते. म्हणून घरातली धूळ बाहेर टाकायची नसते. महिनोन् महिने साठवायची, मग ती जाळून, गाळून चांदी परत काढायची. शेठनं दिलेली चांदी, केलेले पैंजण आणि ही धूळ यांचं वजन जुळलं पाहिजे. त्या डब्यात वर्षभराची झाडलोट होती. ती अक्कांची नव्हतीच, शेठची होती.

आम्ही गाडीमागं पळालो. गाडी गेलेली.

मला अजून वाटतं, अक्कांनी मला एक ठेवून द्यायला हवी होती. त्यांनी ताटल्या वाढल्या. जेवायची वेळ झाली होती.

शेठला त्यांनी खरं तेच सांगितलं. शेठ हसला. "कॉलेजच्या पोरी कोल्हापूरास्नं हितं घर झाडाय येत्यात व्हय? आणि डबा घासत्यात? जरा पटंल असं तरी सांगा." चांदी देणं बंद. आणि हुपरीत एका शेठनं चांदी का बंद केली, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या शनिवारी अक्कांनी मला बाजूला घेतलं. "मुके, तू एकडाव चल शेठकडं. काय भाषण द्याचं न्हाई. 'व्हय, मी टाकलं' एवढंच म्हण. तू म्हटलीस तर त्यो ऐकंल." मी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं मी बघितलं.

नेहाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तू यात पडू नकोस. संस्थेचं नाव येतं मध्ये. मी बोलते त्यांच्याशी." त्या बोलल्या नाहीत. त्या शेठकडं गेल्या, पण देणगी मागायला. माझी परीक्षा आली. परीक्षेनंतर आमच्या गटाला चंदगडची गावं दिली गेली आणि मी गेले, हे इथं लिहायलाच हवं. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. हुपरीची एसटी तेव्हाही दिवसभर सुटत होती. अहवाल छापून आला. त्यात तो फोटो होता, खाली लिहिलं होतं, 'बदललेलं घर, बदललेलं आयुष्य.' तोपर्यंत अक्का पैंजण ॲसिडात उकळून उजळवायच्या शेडमध्ये, दिवसभर त्या वाफेत, कामाला लागल्या होत्या. चांदीचं दुसरं काम कुणी देत नव्हतं. तिथून काही घरी नेता येत नाही, म्हणून चोरीचा संशय असलेल्या बाईलाही तिथं घेतलं. निघताना झडती होते.

यंदाच्या उन्हाळ्यात मी एकटी जाऊन आले. अक्का दोन वाक्यांत तीनदा खोकत होत्या. माफी मागायचं ठरवून गेले होते, वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. ते तोंडाशी येऊन थांबलं. मग त्याच म्हणाल्या, "आसू दे. पोरीची जात, शिकायचं वय तुमचं. मी कुणाचं नाव घेतलो न्हाई." आणि निघताना शेंगदाण्याचे लाडू भरून तो डबा माझ्या हातात ठेवला. "तूच घासलाईस न्हवं? तूच ने." गोणपाट उंबऱ्याशी तसंच होतं. घरात चांदी येत नव्हती, तरी त्यांनी वाकून, खोकत, माझे तळवे झाडले.

जुलैमध्ये राजश्रीचा फोन आला. फुप्फुसं, एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी त्या डब्याचा आणि त्या फुप्फुसांचा संबंध जोडलेला नाही. कागदावर तो कधीच येणार नाही. मी रोज जोडते.

तर ती शोकसभा. स्टेजवर फोटोला हार, शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून शेठ. होय, तेच. पहिल्या रांगेत राजश्री. माझ्या मांडीवर पिशवीत तो डबा, तिला परत द्यायला आणलेला. नेहाताई 'आमची यशोगाथा' असं काही म्हणाल्या. मग शेठ उठले. आवाज मऊ होता.

"बाईच्या हातात कला हुती. मधी जरा चूक झाली त्यांच्याकडनं... माणूस हाय, मोह हुतोय. पर गेल्या माणसाचं काय मनात धराचं न्हाई. आमी माफ केलंय."

लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी 'मोठं मन' म्हणालं. नेहाताईंनी हात जोडले. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी हात जोडले! राजश्री मान खाली घालून आपल्या पायांकडं बघत होती. पडद्यावर अक्का हसत होत्या, अजून खाली न बघितलेल्या.

मी उठले तेव्हा खुर्ची केवढ्यानं वाजली. नेहाताईंनी मागं वळून खूण केली, बस. मी पिशवीतून डबा काढला. तो अजून तसाच चकाकतो. वाक्य या वेळी थांबलं नाही.

"व्हय शेठ, मी टाकलं. हा डबा मी पालथा केला, मीच घासला. अक्कांनी काही घेतलं नव्हतं. माफी त्यांची मागा."