मले इचारा

चूक माझीच होती. अकोल्यात मी नोकरदारांना मनाजोगतं काम शोधायला मदत करतो आणि त्या दिवशी जिला नोकरी बदलायची होती, तिला सोडून मी तिच्या सासऱ्यांशीच बोलत बसलो.

ती अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. ते सोडून तिला जिनिंग कारखान्यात, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवर काम करायचं होतं. एवढं सांगतानाही तिचे हात यंत्रासारखे फिरत होते. पण आपल्याकडे वडीलधारं माणूस सोबत असलं की प्रश्न त्यालाच जातो. मीही विचारलं, "काकाजी, तुमचं काय मत? कॉलेज सोडून सूनबाईंना धुळीत जाऊ द्यायचं?"

काकाजी खाकरले. तेवढ्यात तिने खुर्ची ओढून थेट माझ्यासमोर घेतली.

"सर, नोकरी मले सोडाची हाय, मामाजीले नाई. मले इचारा."

"बराबर हाय," काकाजी म्हणाले. "मी तं गाडी चालवाले आलो. मले कायले इचारून राहिले?"

मी हसून वेळ मारून नेऊ पाहिली. ती हसली नाही. खुर्चीच्या कडेवर ताठ बसून माझ्याकडे बघत राहिली. वडीलधाऱ्यांचा मान राखला, ही सबब माझ्या ओठांवर आली होती. याच सबबीखाली आजवर कितीजण माझ्यासमोरून न बोलताच उठून गेले असतील, हे तेव्हा जाणवलं आणि ती सबब मी गिळली.

"ताई, मी तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं. मला माफ करा."