पाळण्याच्या कडीला टीव्ही

खुब्याचं हाड मोडून आई दवाखान्यातून घरी आली आणि तिने जेवणच टाकलं. एरवी तिची मालिका लागल्याशिवाय तिला घास उतरत नसे, आणि आता उताण्या पडलेल्या आईला टेबलावरचा टीव्ही दिसत नव्हता. दोन चमचे पेजेवर ती किती दिवस तग धरणार?

मी तिच्या पायांकडच्या भिंतीवर, उंचावर टीव्ही लावायला घेतला. अहेरीजवळचं आमचं घर मातीचं. ड्रिल घुसलं आणि भिंतीचा मोठा ढपला माझ्या अंगावर आला. झाडीपट्टीच्या नाटकात मरतात तसा मी हात पसरून कोसळलो. आई हसलीसुद्धा नाही.

विटांची भिंत एकच, तिच्या उशामागची. "खाट फिरवू काय, आई?"

"म्हणजे पाय दक्षिणेले? मेल्यावर करजो ना बाप्पा! घाई काऊन करून राह्यला?"

बायकोला रडू फुटलं. मी हताश होऊन वर पाहिलं, तर सागाच्या तुळईला माझ्या पाळण्याची कडी! खाटेच्या पायथ्याशी, तिरपा करून, दोरखंडाने टीव्ही तिथेच टांगला.

"पडन ना रे!"

"पडला त माया डोक्यावर पडन. मी खालीच बसतो."

पेजेची वाटी घेऊन मी खरंच टीव्हीखाली बसलो, हुतात्म्याच्या थाटात. मालिका लागली. मी चमचा भरून तिच्याकडे वाकलो.

"डोस्कं बाजूले कर, दिसून नाई राह्यलं," आई म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.