कपॅसिटर तेवढा होऊ दे

"कशाच्या मानाने?"

स्टाफरूममध्ये कुणी नुसतं "आज फार उकडतंय" म्हटलं, तरी आमचे फिजिक्सचे सर चष्म्यावरून बघत एवढंच विचारायचे. बोलणाऱ्याचं डोकं फिरायचं. मी मराठीची बाई. मी सरळ सांगायचे, "सर, तुमच्या मानाने आम्ही सगळे ढ. झालं समाधान?" मग सर खळखळून हसायचे. असे एखादे सर तुम्हालाही भेटले असतील.

मीरा रोडला तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. आमच्या ज्युनियर कॉलेजच्या खिडक्यांतून दिवसभर ठोकाठोक ऐकू यायची, आणि तिच्यावर आवाज चढवून सर बारावीला शिकवायचे. एकदा विजेचं पोटेन्शियल काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी खाडीकाठच्या मुर्धा गावातल्या एका मुलीला उठवलं. "तुमच्याकडे भरतीचं पाणी कुठवर येतं गं?"

"आमच्या उंबऱ्याच्या खाली दोन पायऱ्या. वर न्हाय येत, सर."

"बघा! हिने उंबरा धरला शून्य. शेजारणीचा उंबरा धरला तर आकडा बदलेल, पाणी तेवढंच. पोटेन्शियलचं हेच आहे, बाळांनो!" पुढे आठवडाभर आम्हाला त्या उंबऱ्याचं कौतुक ऐकावं लागलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला. खडूची धूळ, म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं, घशात कॅन्सरची गाठ आहे. लगेच ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. आणि सरांनी काय म्हणावं? "कपॅसिटर तेवढा होऊ दे. धडा अर्धा राहिलाय, पोरांचं बोर्डाचं वर्ष आहे."

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, शांती नगरहून धावत माझ्या घरी आल्या. "बाई, तुमचं ऐकतील. सांगा ना त्यांना." मी जाऊन चांगली भांडले. "बरा आहे हो मी," सर म्हणाले.

"कशाच्या मानाने?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली, पण ऐकलं नाही. पोर्शन संपवायचं हे खूळ मेलं आम्हा मास्तरलोकांच्या हाडात असतं. मला अजून राग येतो त्यांचा.

कपॅसिटरच्या शेवटच्या तासाला मी वर्गाच्या दाराशी उभी होते. पोरांनी आपणहून पंखे बंद केले होते, खिडक्या लावून घेतल्या होत्या. "बॅटरी काढली, तरी प्लेटांवरचा चार्ज तसाच राहतो," सर सांगत होते. घशातून निम्मी हवाच येत होती. घामाघूम झालेली पोरं पुढे वाकून ऐकत होती.

ऑपरेशन झालं, पण गाठ तोवर पसरली होती. आधी आवाज गेला. मग बोर्डाचे पेपर चालू असतानाच सर गेले.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेले. "पोरं येऊन गेली," त्या म्हणाल्या. "तो तास सगळ्यांना पाठ आहे. शब्दन् शब्द." चहाचा कप माझ्या हातात देऊन त्या शेजारी बसल्या. "घरी बोलायचेच नाहीत हो. आवाज वर्गासाठी राखून ठेवायचे. मी काही विचारलं की हातानेच खुणा. माझ्याशी शेवटचं काय बोलले, तेसुद्धा मला आठवत नाही."

मला रडू आवरेना. वहिनींनी माझा हात धरला.

"बाई, तुम्ही दाराशी होता ना? कसा येत होता हो त्यांचा आवाज?"