हिरवा ब्लाऊजपीस

रेवाचा एक किस्सा सांगाय घेतला की मागनं चार येत्यात. मंगळवार पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान हाय, तिथं आमची रोजची बैठक. सगळं डोळ्यांदेखत घडलंय, तरी सांगताना माझंच मला खरं वाटत न्हाय.

रेवा कवयित्री. कागलच्या शेतकरी घरात पोरगा म्हणून जन्मली. बाई म्हणून जगाय लागली आणि घराचं दार बंद झालं. आई फोनसुद्धा उचलंना. इथं येऊन ती स्वतःसारख्यांसाठी पोलीस ठाण्यात भांडती, कॉलेजात बोलती.

आणि कविता? हळदीकुंकवात मिळालेले ब्लाऊजपीस कोण शिवतंय? ह्या घरनं त्या घरी फिरत असत्यात. रेवानं तेच गोळा केले, मार्करनं कविता लिहिल्या आणि परत फिराय सोडले. एका प्राध्यापकानं विचारलं, "मॅडम, प्रकाशक कोण?"

"पेठेतल्या बायका, सर. वितरणबी त्यांच्याकडंच."

गल्लीतल्या शांताकाकू म्हणजे जमदग्नी. एक ब्लाऊजपीस घेऊन तणतणत आल्या. त्यावर लिहिलेलं, 'माझ्या मापाचं जग शिवून देता का?' मला वाटलं, आता रेवाची काय धडगत न्हाय. काकू म्हणाल्या, "शिवून दे. अक्षरं पाठीवर आली पायजेत." पन्हाळ्याच्या लग्नात वाढपी भात घेऊन काकूंच्या मागंच उभे, पाठ वाचत.

एका कार्यक्रमात एकजण मागनं ओरडला, "तू नक्की कोण हाईस?"

रेवा म्हणाली, "बसा पावणं. मला कळायलाच निम्मं आयुष्य गेलं. तुम्ही चहा तरी घ्या." शेवटी खुर्च्या उचलाय तोच थांबला.

एकदा मात्र एका हिरव्या ब्लाऊजपीसवर तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं न्हाय. मीच वाचलं. 'आई, लेक घरातनं निघाली की ओटी भरत्यात. माझी राहिलीया.' माझा जीव तुटला. म्हटलं, "मी नेऊन देते की."

"नको. फिरत जाऊ दे. पोचला तर पोचला."

कागलच्या एका गिऱ्हाइकाच्या ओटीत मी तो घातला. त्यानंतर रेवा दर सणाला आलेले ब्लाऊजपीस उलगडून बघायची. हिरवा परत आला न्हाय की तिला बरं वाटायचं.

परवा दुपारी दुकानाच्या पायरीवर एक नऊवारीतली म्हातारी उभी राहिली. रेवा हुक लावत बसलीती, ती सुईसकट उठली.

म्हातारीनं पिशवीतनं तांदूळ काढले, नारळ काढला, आणि घड्या मोडून मोडून मऊ झालेला तो हिरवा ब्लाऊजपीस.

"पदर पसर," म्हणाली. "मला पाचची गाडी धरायची हाय."