लेक आली, दुपटी अजून वाटेतच

मैत्रिणींनो, मोबाईलवरून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या. आज सकाळी मला मुलगी झाली. तारखेच्या चांगले दोन आठवडे आधी!

नवरा मस्कतला नोकरीला. आई रविवारी नांदगावहून येणार होती. भाजी चिरता चिरता अंगावरून पाणी गेलं, तशीच रिक्षा करून एकटी दवाखान्यात आले.

बाळंत झाल्यावर सिस्टर म्हणाली, "बाळाचे कपडे कुणाकडे आहेत?" कुणाकडेच नव्हते. बाळ येण्याआधी काही आणायचं नाही, असं आईने बजावलं होतं. जुन्या साड्यांची दुपटी तीच शिवून आणणार होती.

"अहो, सोबत बाईमाणूस तरी कोणी?" सिस्टर वैतागली.

शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने नातवाचं झबलं पुढे केलं. "घे पोरी, धुतलेलं हाय. पहिलं झबलं दुसऱ्याच्या लेकराचंच घालत्यात."

कळा येताना नाही रडले, तेव्हा रडले.

आता त्यांच्या खाटेभोवती पाहुण्यांची गर्दी आहे. आई अजून बसमध्येच, नवऱ्याचा फोन लागत नाही. लेक त्या झबल्यात झोपलीय. तिचं नाक अगदी माझ्या आईसारखं आहे, आणि हे सांगायला इथे माझं कुणी नाही.

कुणी ऑनलाइन आहे का?